फुटाला इंच

जालन्याहून मंठ्याकडं निघालं की मधी वाटूर फाटा लागतो. तिथून एक रस्ता परतूरला फुटतो. फाटा म्हणलं की जे असतं ते सगळं इथं आहे. चहाची हॉटेलं, धाबे, पंक्चरवाले, खताची दुकानं आणि रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या. आमचं शेत रस्त्याला लागून. बैल वळता वळता गाड्या मोजायच्या, हाच आमचा लहानपणचा खेळ.

आता माझी साठी उलटली आहे. मी दहावीपर्यंत शिकलो, जन्म शेतीत काढला, आणि गेल्या काही वर्षांपासून लाकडाचे आणि पत्र्याचे ट्रक बनवतो. खेळण्यातले नाहीत. फाट्यावर उभ्या असलेल्या गाडीचं माप घेऊन, तिला जेवढे नट तेवढे नट, जेवढ्या फळ्या तेवढ्या फळ्या, असे. एका गाडीला सहा-सात महिने जातात. विकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत. आमची मंडळी सुरुवातीला म्हणायची, "लेकरं मोठी झाली, नातवंडं झाली, आन तुम्ही आता खेळायलात व्हय?" गावातले लोक तोंडावर कौतुक करायचे आणि वळले की हसायचे. हसू द्या म्हणलं.

लागलं कसं, ते सांगतो. २०१५ चा उन्हाळा. विहिरीनं तळ गाठलेला. त्याआधीच्या सालीही पाऊस दगा देऊन गेलेला. रब्बी नव्हतीच. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, रात्री बसायची सवय मात्र सुटत नव्हती. आमच्याकडं शेतीची लाईट पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला शेतकरी लाईटीची वाट बघत आखाड्यावर बसलेला असतो. त्या साली लाईट यायची, पण विहिरीत पाणी नव्हतं. मोटार चालू करायची नाही आणि झोपही येत नाही. फळांच्या खोक्याच्या फळ्या पडल्या होत्या, विळा होता. एका रात्री बसल्या बसल्या ट्रकचा फाळका तासला. सकाळी बघितलं तर बरा दिसला. मग दुसरा तासला.

तसं बघितलं तर माझा पहिला ट्रक १९७२ चा. त्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. बा आणि माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. सुकडी मिळायची. रेशनला तांबडी मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना फाटायची. त्या धान्याच्या गाड्या बघून मी मातीचा ट्रक केला होता. पोळ्याला मातीचे बैल करतात तसा. वाळला आणि मधूनच तडकला. माय म्हणाली, "माती बैलाची असती रं, ट्रकाची नसती."

लाकडाचा ट्रक करायला घेतला तेव्हा पहिली अडचण मापाची. एवढी मोठी गाडी लहान करायची तर किती पटीनं? परदेशात लोक हाच छंद करतात. नातवानं मोबाईलवर दाखवलं, जपानची तामिया नावाची कंपनी खऱ्याच्या चौदाव्या हिश्श्याचे ट्रक बनवते, रिमोटवर चालणारे. चौदाचा भागाकार मला काही रोजचा जमायचा नाही. मी माझं सोपं माप धरलं. फुटाला इंच. एक फूट तिथं एक इंच, म्हणजे बारावा हिस्सा. टेपानं फूट मोजायचे आणि कागदावर इंच लिहायचे. पुढं सुतारकामातलं सूत कामाला आलं. इंचाचे आठ सूत. म्हणजे खऱ्या गाडीचा दीड इंच झाला की माझा एक सूत. दीड इंचाची फळी एक सुताची, तीन इंचाची पट्टी दोन सुताची. हिशोब तोंडी होतो. नंतर कळलं की परदेशात बाहुल्यांची घरं करणारेही हेच बारावं माप धरतात.

माप घ्यायला मी रात्री धाब्यावर जायचो. गाड्या उभ्या असतात, ड्रायव्हर खाटेवर. एकदा टाटाच्या एका गाडीखाली बॅटरी आणि टेप घेऊन शिरलो. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत १३ फूट १० इंच भरले. ते लिहून घेतोय तोवर कुणीतरी पाय धरून मला बाहेर ओढलं. ड्रायव्हर राजस्थानचा होता. "आरटीओ का आदमी है क्या?" म्हणाला. धोतरातला आरटीओ त्यानं आधी बघितला नसावा. पिशवीतून अर्धा झालेला ट्रक काढून दाखवला, तेव्हा त्यानं क्लीनरला उठवलं आणि चहा सांगितला. मग टेपाचं दुसरं टोक त्यानंच धरलं. जाताना म्हणाला, माझी गाडी केली तर केबिनवर लिंबू-मिरची विसरू नका.

गाडीचा नंबर वाचायलाही अशाच माणसांनी शिकवलं. ४०७ मधले ४ म्हणजे गाडी आणि माल मिळून साधारण ४ टन, आणि ०७ म्हणजे जवळपास ७० घोड्यांची ताकद. तसं १२१० म्हणजे १२ टन आणि १०० घोडे. टायरावर ९००-२० लिहिलेलं असतं. त्यात ९ इंच रुंदी आणि २० इंच आतली रिंग. फुगवलेलं पूर्ण चाक तीन फूट चार इंचाच्या आसपास भरतं. माझं चाक त्यामुळं सव्वातीन इंचाहून किंचित वर. रबरी स्लीपरचे दोन गोल एकमेकांवर चिकटवले की पाऊण इंच रुंदी मिळते, मग करवतीच्या पात्यानं नक्षी कोरायची. पुढं दोन चाकं, मागं चार, एक स्टेपनी. एका गाडीला स्लीपरचे साडेतीन जोड लागतात. घरात कुणाची चप्पल सापडेना झाली की आधी माझ्याकडं बघतात.

पाट्यांसाठी जिनिंगमधून कापसाच्या गाठीला बांधायची लोखंडी पट्टी आणतो. ती लवचिक असते, कातरून दोन सुताची केली की खऱ्या पाट्यासारखी दबते आणि उठते. केबिनला गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा. आरसे बायकांच्या पावडरच्या डबीतले. लाकूड मात्र बघून घ्यावं लागतं. जुन्या सागवानी दाराची फळी मजबूत, पण तिच्या रेघा जाड. लहान गाडीवर ती रेघ नांगराच्या तासासारखी दिसते. बारीक रेघेचं लाकूड पाहिजे.

रंगात मी सगळ्यात जास्त चुका केल्या. पहिल्या गाडीला डब्यातला ऑइल पेंट तसाच फासला. खऱ्या गाडीवर रंगाचा थर दिसतही नाही, पण माझ्या गाडीच्या दाराची फट त्यानं बुजून गेली. दार उघडेना. तेव्हापासून रंग टर्पेंटाइननं पातळ करून तीन-चार हात देतो. आधी प्राइमर, खड्डे असतील तिथं लांबी, मग पाण्याचा पॉलिश पेपर, मग रंग. दुसरी गोष्ट अशी, की मोठ्या गाडीचा रंग लहान गाडीला दिला तर तो गडद वाटतो. नॅशनल परमिटची गाडी केली तेव्हा वाळल्या पानाचा तपकिरी रंग दुकानातून बरोबर आणला, पण लावल्यावर काळपट दिसला. थोडा पांढरा मिसळला तेव्हा डोळ्याला खरा वाटला. आणि शेजारच्या शेतात मळणीयंत्र चालू असेल त्या दिवशी रंगाला हात लावायचा नाही. भुसा येऊन बसतो.

नवी कोरी गाडी फाट्यावर शोभत नाही. ती चिखलाची, धुळीची पाहिजे. मी शेतातली काळी माती पाण्यात कालवून चाकाच्या वरच्या पत्र्याला लावली. वाळल्यावर बघतो तर चाकाशेजारी धोंडे लटकल्यासारखे. मग लक्षात आलं. लाकूड, पत्रा, रबर सगळं फुटाला इंच करता येतं, मातीचा कण करता येत नाही. तो आहे तेवढाच राहतो. आता माती धोतराच्या कपड्यातून वस्त्रगाळ करतो, औषधाला करतात तशी, आणि पिठासारखी उडवतो.

अशा तीन गाड्या झाल्या. चौथ्या वेळी नातू म्हणाला, "आबा, आपली गाडी कवा करणार?"

आमची गाडी. तिची गोष्ट मी घरात कधी काढत नव्हतो.

१९८७ साली आम्ही रस्त्याकडची तीन एकर काळी जमीन विकली आणि जुना १२१० ट्रक घेतला. थोडे पैसे जमिनीचे, बाकीचे फायनान्सचे. दादाची, माझ्या मोठ्या भावाची, हौस. तो सात-आठ वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवत होता. बा नको म्हणत होता, पण माय दादाकडून झाली. नाक पुढं आलेली जुन्या धाटणीची गाडी. त्या धाटणीच्या पहिल्या गाड्यांवर पूर्वी मर्सिडीजची चांदणी असायची. टाटाचा त्या जर्मन कंपनीशी १९५४ पासून करार होता, तो १९६९ ला संपला आणि चांदणीच्या जागी टी आला. आमच्या गाडीवर टी होता. गावानं तिचं नाव ठेवलं 'तीन एकर'. फाट्यावर हॉर्न वाजला की लोक म्हणायचे, "आलं बरं का तीन एकर." बा हे ऐकून मान खाली घालायचा.

बा त्या गाडीत एकदाच बसला, परतूरच्या बाजाराला जाताना. केबिनमधी चढताना देवळात जावं तशा त्यानं वहाणा खाली काढल्या. गाडी निघाली आणि वहाणा फाट्यावरच राहिल्या. परतूरहून अनवाणी आला. आम्ही हसलो, तोही हसला. गाडीच्या नावानं तो हसलेला मला एवढाच आठवतो.

चार वर्षं गाडी पळाली. कापूस, सरकी, जालन्याच्या मिलमधली सळई, मोसंबी. मग गिअरबॉक्स गेला. गाडी दोन महिने गॅरेजला, हप्ते थकले, व्याजावर व्याज चढलं. १९९१ च्या एका सकाळी फायनान्सवाल्याची माणसं फाट्यावरून गाडी घेऊन गेली. फाट्यावरच्या लोकांनी सांगितलं, दादा दारू पिऊन पडला होता, गाडी कधी नेली ते त्याला कळलंसुद्धा नाही. मी गेलो तेव्हा तो खरंच पडलेला होता. वास येत होता. ज्या रस्त्याची खडी बानं बहात्तर साली फोडली, त्याच रस्त्यानं आमचे तीन एकर गेले. बा त्यानंतर दादाच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवला नाही. पाच वर्षांनी तो वारला. दादा जालन्याला एका ट्रान्सपोर्टमधी नोकरीला लागला. मी त्याच्याशी लग्नाकार्यात आणि मयतीत बोलायचो. बाकी नाही.

पुढं दादाला काचबिंदू झाला. ड्रायव्हरकी सुटली आणि तो गावात परत आला. घर एकच, मधी भिंत. भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं तो.

नातवाला हो म्हणलो आणि अडकलो. गाडीचा फोटो नाही. एका बारशाच्या फोटोत मागं अर्धं नाक दिसतं, तेवढंच. चासी केली, चाकं केली, पण मागचा फाळका कसा होता, टूलबॉक्स कुण्या बाजूला होता, काही आठवेना. चार वर्षं जी गाडी दारात उभी राहिली, ती मी नीट बघितलीच नव्हती. सांगणारा एकच माणूस होता. आठ दिवस टाळलं, मग चासी हातात घेऊन भिंतीपलीकडं गेलो.

"दादा, आपल्या गाडीचा मागचा फाळका कसा व्हता?"

"कामून?"

"बनवायलोय."

"काय बनवायलास?"

मी चासी त्याच्या हातात दिली. त्याला आता जवळचंही धूसर दिसतं. त्यानं बोटांनी बघायला सुरुवात केली. पुढचा आस, स्टेअरिंगचा दांडा, मागची चाकं. पाट्यांवर बोट ठेवून थांबला.

"मागं दोन पाटे कमी हायेत. सळईच्या लोडासाठी दोन जास्तीचे टाकले व्हते."

पंचवीस वर्षांत आम्ही दोघं एवढं बोललो नव्हतो. त्यानंतर तो रोज काठी टेकत आखाड्यावर यायला लागला. मी करायचो, तो बोटानं तपासायचा. फाळक्याची कडी मी उजवीकडून लावली होती, ती डावीकडून होती. मागं फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद' आणि खाली हॉर्न ओके प्लीज. हे हॉर्न ओके प्लीज २०१५ मधीच महाराष्ट्रात परिवहन खात्यानं बंद करायला लावलं, पण आमची गाडी जुनी, तिला कायदा लागू नाही. अक्षरं मी फाट्यावरच्या पेंटरकडून शिकलो. तीन सुताचं अक्षर, झीरो नंबरचा ब्रश, आणि ओढताना श्वास रोखायचा.

केबिन झाली त्या दिवशी दादानं दारातून आत बोट घातलं. सीटच्या मागं चाचपलं.

"फळी न्हाई."

"कशाची फळी?"

"मह्या सीटच्या मागं फळी व्हती. कागद ठेवायला."

"लोडाचे कागद?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुह्या सहीचा कागद."

गाडी घेताना जामीनदार लागत होता. बा झाला नसता. दादानं मला परतूरला नेलं आणि मी सही केली. माझ्या नावावर अडीच एकर होतं. बाला सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. हप्ते थकल्यावर फायनान्सवाले त्या अडीच एकराचं बोलायला लागले. गाडी लपवून ठेव, राज्याबाहेर काढ, असं दादाला सांगणारे पुष्कळ होते. ओळखीचे ड्रायव्हर तयार होते. दादानं फायनान्सवाल्यांना सांगितलं, गाडी मी आपल्या हातानं देतो, पण आधी जामीनदाराचं नाव सोडल्याचा कागद द्या. त्या सकाळी फाट्यावर कागद त्याच्या हातात आला, मग त्यानं चावी दिली.

"आन दारू?" मी विचारलं.

"चावी दिल्यावर पेलो. आधी न्हाई."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"बाला सांगावं तर तुही सही बी सांगावं लागलं असतं. म्हणलं, त्याच्या डोळ्यातून एकजण उतरला तेवढं बस झालं."

मी हातातली कानस खाली ठेवली. ती सही केल्याचं मी कधी विसरलो नव्हतो. पण गाडी गेल्यावर त्या सहीचं पुढं काय झालं, जामीनदाराच्या दारात कुणी कसं आलं नाही, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. न विचारणं सोयीचं होतं. दादा दारुडा, त्यानं गाडी घालवली, एवढ्यावर माझं भागत होतं. बा तेच धरून गेला. ते आता कुणालाच दुरुस्त करता यायचं नाही.

ज्या आखाड्यावर आम्ही बसलो होतो, तो त्याच अडीच एकरात आहे. विहीरही त्यातच.

फळी मी दुसऱ्या दिवशी केली. दादानं हात पसरून दाखवलं तेवढी, साडेतीन फुटाची. माझी साडेतीन इंच. फुटाला इंच. जाडी पाऊण इंच, म्हणजे अर्धा सूत. एवढी पातळ तासताना दोनदा मोडली. तिसरी टिकली. बाहेरून ती दिसत नाही. दार उघडून बोट घातलं तरच लागते. त्यावर कागद ठेवू का, म्हणून दादाला विचारलं. म्हणाला, "नगं. कागदाचं काम झालं."

आता पेपरात वाचलं, २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे. दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बरं झालं. आमच्या टायमाला चैत्रात इंजिनाची वाफ पायावर यायची, पायाची साल निघायची. तेवढंच बोलला आणि पुढच्या गाडीचं विचारायला लागला.

पुढची ४०७ आहे. परवा फाट्यावर माप घेतलं. मी गाडीखाली शिरलो आणि दादा बाहेर टेपाचं टोक धरून उभा होता. ड्रायव्हर आलाच तर त्याच्याशी काय बोलायचं, हे दादाला माझ्याहून जास्त कळतं. या आठवड्यात लाईटीची पाळी रात्रीची आहे. विहिरीला पाणी आहे. बारा वाजता मोटार चालू करायची, तोवर चाकं कापून होतील. स्लीपरचा एक जोड कमी पडतोय, तो घरातून कुणाचा तरी उचलावा लागणार.